एका घरांतलें भय

भीतीचें चित्र थोड्या पैशांत निघतें, ही गोष्ट चित्रपटाच्या व्यापाऱ्यांस फार लवकर उमगली. एक जुनें घर, तीन-चार नटनटी, रात्रीची वेळ आणि करकरणारें एक दार, एवढ्या भांडवलावर प्रेक्षकांस दोन तास खिळवून ठेवतां येतें. परंतु अशा चित्रपटाची एक गंमत आहे. तो पाहून बाहेर पडणाऱ्या मंडळींचें सहसा एकमत होत नाहीं. एक म्हणतो, "सारा वेळ तेंच घर आणि तीच बाई, पैसे पाण्यांत गेले." दुसरा म्हणतो, "घरीं गेल्यावर परसांत जावयाचा धीर होईना." दोघेही एकाच रांगेत बसलेले असतात. हा मतभेद केवळ आवडीनिवडीचा नाहीं. त्यास कांहीं इतिहास आहे, आणि आमच्या वऱ्हाडांत, विशेषतः अमरावती-अकोल्याकडे, त्यास निराळी धार आहे, असें आम्हांस वाटतें.

हिंदींत या मालाची पेठ वसविली ती रामसे कुटुंबानें. फत्तेचंद रामसिंघानी ऊर्फ एफ. यू. रामसे हे मूळचे कराचीचे, धंदा रेडिओच्या दुकानाचा. फाळणीनंतर मुंबईस आले. त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट १९७० सालीं पडला. त्यांत पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरीस येतात, तेवढ्या प्रसंगीं मात्र थिएटर दचकून उठत असे. मुलांनीं तें हेरलें आणि वडिलांपाशीं हट्ट धरला कीं, बाकीचें सोडा, ही भीतीच विकूं या. त्यांतून १९७२ सालीं 'दो गज जमीन के नीचे' निघाला. महाबळेश्वरच्या एका विश्रामगृहांत सारा लवाजमा नेऊन, सुमारें ४० दिवसांत आणि साडेतीन लाखांच्या आसपास खर्चांत तो पुरा केला, असें रामसे बंधु पुढें सांगत असत. लिहिणारा भाऊ, कॅमेरा धरणारा भाऊ, ध्वनि टिपणारा भाऊ, कापजोड करणारा भाऊ आणि दिग्दर्शनास तुलसी व श्याम हे आणखी दोन! त्याच १९७२ सालीं कमाल अमरोही यांचा 'पाकीजा' पडद्यावर आला. त्याची जुळवाजुळव १९५६ पासून चालली होती. एकीकडे दीड तप, दुसरीकडे सवा महिना. तिकिटाची खिडकी मात्र दोघांनाही एकच.

एका जागेचा लाभ व्यवहारांत कसा होतो, हें समजणें कठीण नाहीं. दिवे एकदां लावले कीं हलवावे लागत नाहींत. नट तेथेंच निजतात, तेथेंच जेवतात. प्रवासाचें भाडें वांचतें. जें वांचत नाहीं तें कथेचें वैविध्य, आणि नेमकी तीच तक्रार प्रेक्षकांचा एक पक्ष पन्नासांहून अधिक वर्षें करीत आला आहे.

शहरांतल्या टीकाकारांनीं रामसेंस कधीं पंक्तीस घेतलें नाहीं. त्यांचा आधार लहान गांवांचा, आणि येथेंच वऱ्हाडचा संबंध येतो. चित्रपटाच्या व्यापारांत आमच्या मुलखाचें नांव अजून 'सी.पी.-बेरार' असेंच आहे. राज्याच्या नकाशावरून तें नांव १९५० सालीं गेलें. वितरकांच्या वह्यांतून गेलें नाहीं. मुंबई निराळी, निजाम निराळा, आणि हा मुलूख निराळा, अशी ही वांटणी. अमरावती-अकोल्यास व्यापारी दुसऱ्या प्रतीचीं केंद्रें म्हणत आणि तालुक्याच्या गांवांस तिसऱ्या. भयपटाचा हिशेब याच दोन प्रतींच्या भरंवशावर मांडलेला असे. १९८४ सालचा 'पुराना मंदिर' त्या वर्षाच्या मोठ्या कमाईच्या चित्रपटांत गणला गेला, तो कांहीं मुंबईच्या मोठ्या थिएटरांतील सुशिक्षितांच्या कृपेनें नव्हे.

परंतु वऱ्हाडांतही या चित्रपटांस विरोध होता आणि तो टीकाकारांच्या नाक मुरडण्याहून फार वजनदार होता. अमरावती जिल्हा ही गाडगे महाराजांची आणि तुकडोजी महाराजांची भूमि. एकानें हातांत खराटा घेऊन कीर्तनांत नवस, बकरीं, अंगारेधुपारे यांची टर उडविली. दुसऱ्यानें खंजिरीवर तेंच सांगितलें. त्यांचीं कीर्तनें-भजनें ऐकून वाढलेल्या घरांतील वडील मनुष्यास 'पुराना मंदिरां'तील सामरी राक्षस त्रिशूळानें वठणीवर येतांना पाहून राग यावा, हें साहजिक होतें. 'महल' (१९४९) पाहतांना त्याला तसा राग आला नसता, कारण तेथें अखेरीस भूत म्हणजे हाडामांसाची मुलगी निघते. रामसेंच्या या चित्रपटांत भूत खरेंच निघतें! आणि त्याच जिल्ह्याच्या मेळघाटांत आजारी अर्भकाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याचा 'डंबा' या शतकांतही थांबलेला नाहीं. १९१३ सालचें नव्हे, २०१३ सालचें जादूटोणाविरोधी कायद्याचें पुस्तक हातीं असतां, भूत खरें आहे असें पडद्यावरून सांगणें हा निव्वळ खेळ म्हणावा काय, असा या पक्षाचा प्रश्न आहे.

आम्ही हा प्रश्न हंसण्यावारी नेऊं इच्छीत नाहीं. तरी आम्हांस असें दिसतें कीं, चटके देणारा मनुष्य चित्रपट पाहून चटके देत नाहीं. दवाखाना लांब आणि भूमका जवळ, हें त्याचें कारण आहे. रबरी मुखवट्याच्या राक्षसास पाहून खालच्या वर्गांतील पोरें शिट्या मारतात, हंसतात, आणि शेजाऱ्याच्या अंगावर ओरडून त्यालाच भिवविण्याचा प्रयत्न करितात. ज्या भुतावर मनापासून विश्वास आहे, त्याच्याशीं अशी लगट कोणी करीत नाहीं. मुंजाच्या पिंपळाखालून जातांना शिटी वाजविणारा आम्हीं तरी पाहिला नाहीं.

येथें सुशिक्षित घरांविषयींही दोन शब्द बोलणें भाग आहे. नारायण धारप यांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून पाळीपाळीनें आणून, कंदील असो वा वीज असो, मध्यरात्रीपर्यंत वाचणारीं घरें तींच, आणि रामसेंच्या जाहिरातीकडे पाहून मान फिरविणारींही तींच. धारपांच्या कित्येक कथा एका वाड्यापलीकडे जात नाहींत. वाड्याची भीति पुस्तकांत वाचली तर वाङ्मय आणि पडद्यावर पाहिली तर थिल्लरपणा, हा न्याय आम्हांस कळलेला नाहीं. पुस्तकांतील भुतास मुखवटा लागत नाहीं, एवढी त्याची सोय मात्र खरी.

मुखवटाच नको असें ठरविणारा चित्रपट पुढें निघालाच. १९९९ सालीं राम गोपाल वर्मा यांनीं 'कौन' काढला. लेखन अनुराग कश्यप यांचें. ऊर्मिला मातोंडकर, मनोज बाजपेयी आणि सुशांत सिंह एवढीं तीनच पात्रें. एक बंगला, बाहेर पाऊस, आणि दारावरची घंटा. गाणें एकही नाहीं. हिंदी चित्रपटांत गाणें म्हणजे प्रेक्षकाची विसाव्याची जागा. तीच काढून घेतल्यावर पुष्कळांस तो जाच वाटला, आणि तिकिटाच्या खिडकीवरही त्याचें विशेष कौतुक झालें नाहीं. पुढें दूरचित्रवाणीवर, घरच्या अंधारांत, ज्यांनीं तो पाहिला त्यांनीं त्यास डोक्यावर घेतलें. शेवट आम्ही येथें फोडीत नाहीं. पण त्या शेवटावरूनच दोन तट पडतात. एकास तो फसवणूक वाटतो, दुसऱ्यास तोच शेवट पाहून चित्रपट पुन्हां पहिल्यापासून पाहावासा वाटतो. आमचें मत दुसऱ्या बाजूस आहे. घंटा वाजत राहते आणि आंतली बाई दार उघडीत नाहीं, एवढ्यावर अर्धा तास रेटून नेणें हें धाडस सोपें नव्हे.

असें भांडण इकडेच होतें असेंही नाहीं. अमेरिकेंत जॉर्ज रोमेरो यांनीं १९६८ सालीं पेनसिल्व्हेनियांतील एका शेतघरांत सुमारें १ लाख १४ हजार डॉलरांत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. तेथें तेव्हां वयाची प्रतवारी नव्हती, म्हणून दुपारच्या खेळास मुलेंबाळें येऊन बसलीं आणि रडूं लागलीं. व्यवसायाच्या पत्रानें त्यावर आग पाखडली. १९९९ सालीं तोच चित्रपट त्या देशानें जतन करावयाच्या राष्ट्रीय यादींत घातला. अलीकडचा 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' तर दिग्दर्शकानें स्वतःच्याच घरांत सुमारें १५ हजार डॉलरांत केला, आणि २००९ सालीं त्यानें अनेक कोटी डॉलर मिळविले. त्यासही "कांहींच घडत नाहीं" हा शेरा चुकला नाहीं.

मराठींत या जातीचा ठळक चित्रपट म्हणजे विशाल फुरिया यांचा 'लपाछपी'. थिएटरांत तो २०१७ सालीं आला. सावकारी तगाद्यास भिऊन एक जोडपें उसाच्या फडांतल्या एकाट घरीं येऊन राहतें. बाई गरोदर (पूजा सावंत), घरची म्हातारी तुळसाबाई (उषा नाईक). रात्र कमी, भर उन्हांतली भीति अधिक. ही गोष्ट आम्हांस मोठी वाटली, कारण उन्हांत भिवविणें मुखवट्यास जमत नाहीं. चित्रपटाचा रोख मुलींच्या हत्येवर आहे. महाराष्ट्रांत दर हजार मुलग्यांमागें सहा वर्षांखालील मुली २००१ सालीं ९१३ होत्या, त्या २०११ सालीं ८९४ झाल्या; हा आंकडा डोळ्यांपुढें असला म्हणजे घरांत कोण वावरत आहे, हें निराळें सांगावें लागत नाहीं. येथेंही मतें फुटलींच. कित्येकांस उत्तरार्धांतलें व्याख्यान भयाचा रस नासविणारें वाटतें. कित्येक बायकांनीं आम्हांस सांगितलें कीं, भूत बाजूस राहूं द्या, म्हातारीचें गोड बोलणेंच अधिक भिववितें. व्याख्यान लांबलें, ही तक्रार आम्हांसही मान्य आहे. पण तें काढून टाकिलें तर उरेल तो नुसता फड. २०२१ सालीं 'छोरी' या नांवानें त्याची हिंदी आवृत्ति निघाली, ती थिएटरांत न येतां एकदम घरोघरच्या लहान पडद्यांवर आली, आणि खालचा वर्ग व बाल्कनी हा भेदच त्या भांडणांतून नाहींसा झाला.

ऊस आमच्याकडे थोडा; कपाशी आणि तूर अधिक. परंतु मार्गशीर्षांत तूर डोक्यावर गेली कीं दोन हातांवरचा मनुष्य दिसेनासा होतो, आणि त्यांतच मचाण घालून लोक जागलीस निजतात. अशा एका जागल्यास 'लपाछपी' कसा वाटला, असें विचारतां तो म्हणाला, "फड बरोबर हाये, पण वाऱ्याचा आवाज कमी पडला."