पडका मठ आणि डोमकावळा

निसर्गचित्रातली पडकी भिंत किंवा एखादा पक्षी आपण शोभेचा समजून पुढे जातो. जर्मन चित्रकार कास्पर डाव्हिड फ्रीडरिश (१७७४-१८४०) याच्या चित्रांत मात्र नेमके तिथेच थांबावे लागते.

ग्राइफ्सवाल्ड हे त्याचे जन्मगाव. जवळच एल्डेनाच्या जुन्या मठाचे भग्नावशेष आहेत. १८०९-१० मधल्या 'ओकवनातील मठ' या चित्रात तीच कमान दिसते. भोवतीचे निष्पर्ण ओक आणि बर्फातून शवपेटी नेणारे साधू मात्र त्याच्या मनातले. १८०६ मध्ये येनाच्या लढाईत नेपोलियनने प्रशियाला धूळ चारली होती. त्या पराभवाच्या छायेत ही अंत्ययात्रा एका साधूपुरती राहिली नाही. १८१० मध्ये प्रशियाच्या राजाने ते चित्र विकत घेतले.

१८१४ मध्ये नेपोलियनला पदत्याग करावा लागला. त्याच वर्षीचे फ्रीडरिशचे दुसरे चित्र पाहा. बर्फाळ अरण्यासमोर एकटा फ्रेंच शिपाई पाठमोरा उभा आहे, मागे झाडाच्या खुंटावर डोमकावळा. तो पक्षी त्या शिपायाचे मरणगीत गातो आहे, असे बर्लिनच्या एका वृत्तपत्राने तेव्हाच लिहिले.

दोन्ही चित्रांत ना तोफ, ना रणांगण. तरी युद्धाचा इतिहास त्यांत आहे. तो वाचायला पडकी कमान आणि एक पक्षी पुरतो.