गेलिक मुखसंगीत

स्कॉटलंडच्या हायलँड्स व हेब्रिडीज बेटांवरील गेलिक भाषकांची, वाद्याची धून तोंडाने गाण्याची परंपरा. गेलिकमध्ये हिला ‘पुर्श्त अ बेल’ म्हणतात. वादक नसला, तरी रील, जिग, स्ट्रॅथस्पे हे नाच केवळ गळ्याच्या बळावर चालत. यातील गीतांना बहुधा शब्द असतात. मात्र ते लयीसाठी निवडलेले, चटपटीत, कधी निव्वळ खेळकर असतात. १७४६ च्या निःशस्त्रीकरण कायद्याने बॅगपाइपवर बंदी आली व त्यातून हा प्रकार जन्मला, ही समजूत लोकप्रिय असली तरी निराधार आहे. त्या कायद्यात बॅगपाइपचा उल्लेखच नाही.

खऱ्या अर्थाने निरर्थक अक्षरांचा वापर दोन ठिकाणी दिसतो. ‘कान्तराख्क’ ही बॅगपाइपवरील ‘पिब्रॉख’ रचना शिकवण्याची मौखिक पद्धत होय. तिच्यात साधारणतः स्वराक्षरे मुख्य सूर दाखवतात आणि व्यंजने अलंकारिक सूर. कॉलिन कॅम्बेल यांनी १७९७ च्या सुमारास ती हस्तलिखितात उतरवली. दुसरे ठिकाण म्हणजे श्रमगीते. ओले लोकरी कापड घट्ट करण्यासाठी फळीवर आपटताना स्त्रिया ती गात. त्यांत एकटी गायिका ओळ म्हणे आणि इतर जणी ध्रुपद. ध्रुपदातील निरर्थक अक्षरे मन मानेल तशी बदलत नसत. गाण्याची ओळख त्यांवरूनच पटे. म्हणून त्यांना भरीची अक्षरे मानणे अन्यायाचे आहे. एडिनबरो विद्यापीठात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश अध्ययन केंद्राने अशा गाण्यांचे मोलाचे ध्वनिमुद्रण केले. आयर्लंडमधील ‘लिल्टिंग’ हा याचा निकटचा आप्त.