चार अध्यापकांचे पत्र

मुलीला कॉलेजात कुणी त्रास दिला की आपल्या घरांतून पहिला उपाय ठरलेला असतो. तिचे कॉलेज बंद! अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षण मात्र हिचे संपायचे. ही रीत मोडू पाहणाऱ्या कायद्यांची हकीकत एका पत्रापासून सांगावी लागते.

१९७२ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीसठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना सोडून दिले. का, तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या! १९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीने गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हे न्यायासनालाच सुनावायला धैर्य लागते. निकाल बदलला नाही. पण ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला, आणि पीडित स्त्रीचे नाव छापणे गुन्हा ठरले.

हे सारे कॉलेजच्या फाटकाशी पोचायला मात्र फार वर्षे गेली. राजस्थानातील भंवरीदेवींच्या प्रकरणातून १९९७ चा विशाखा निकाल आला, २०१३ चा कायदा झाला आणि २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम जाहीर झाले.

या नियमांत आयांनी ध्यानात ठेवण्याजोगे बरेच आहे. प्रत्येक कॉलेजात तक्रारीची समिती हवी. तिची प्रमुख स्त्रीच असते, एक सभासद बाहेरचा असतो, आणि विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही बसतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. सबळ कारण असल्यास मुदत वाढते. लिहिता येत नसेल तर समितीनेच मदत करायची. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तोवर मुलीला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, वर्ग बदलून मिळतो, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या प्राध्यापकाला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते. परीक्षेची ही धास्तीच किती मुलींचे तोंड बंद ठेवते! हे संरक्षण मुलग्यांनाही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पोलिसांकडे जाण्याचा हक्क याहून वेगळा, तो कायमच राहतो. बलात्कारपीडितेवर खासगी इस्पितळानेही विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत.

समितीच्या नेमणुकीचा हुकूम कॉलेजात ठळक जागी लावण्याचे बंधन आहे. मुलीची फी भरायला जाल तेव्हा तो कुठे लावला आहे ते पाहून या.