४२.३४ मीटरवरचा आवाज

उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवला पळसनाथाचं बुडालेलं मंदिर उघडं पडतं. ते बघायला पुण्याहून भाचा आला होता. इंजिनिअरिंगला आहे. काठावर बसून मोबाईलवर कॉरी डॉक्टरोची 'लिटल ब्रदर' वाचत होता. २००८ ची कादंबरी. सॅन फ्रान्सिस्कोतली पोरं सरकारी पाळतीविरुद्ध गुप्त नेटवर्क उभारतात. म्हणाला, "मामू, आपल्याकडे असं कुणी केलंच नसेल."

केलं होतं. मुंबईत, १९४२ साली.

९ ऑगस्टला पहाटे नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांचं तोंड बंद झालं. हौशी रेडिओचे परवाने तर सरकारने युद्धामुळे आधीच काढून घेतले होते. अशात २२ वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी यांनी २७ ऑगस्टला 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. उषाबेनचे वडील इंग्रजांच्याच कोर्टात न्यायाधीश होते! यंत्र बांधलं नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने. बोलणाऱ्यांत राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन, मोइनुद्दीन हारिस. पेपरात न येणाऱ्या चिमूर-आष्टीच्या बातम्या इथून ऐकू यायच्या.

पोलिसांच्या गाड्या हवेतली लाट हुंगत फिरायच्या. लाट कोणत्या दिशेने येते हे दोन जागांवरून मोजायचं. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथे यंत्र. म्हणून पोरं यंत्र उचलून जागा बदलत राहिली: चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव.

पण घात झाला तो माणसामुळे. प्रिंटर पकडला गेला आणि त्याने पोलिसांना वाट दाखवली. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत दार फोडलं गेलं. उषाबेनना ४ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधीच्या चौकशीत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. मला यात सगळ्यात मोठं तंत्रज्ञान हेच वाटतं.

गांधीजींना मात्र ही लपवाछपवी मान्य नव्हती. भूमिगतांनी उघड्यावर यावं, असं सुटल्यावर त्यांनी सांगितलं. अरुणा असफ अलींनी त्यांचंही ऐकलं नाही. त्या १९४६ पर्यंत भूमिगतच राहिल्या.

भाचा गप्प ऐकत होता. मग मोबाईल खिशात टाकत म्हणाला, "हे नेटवर आणखी शोधलं असतं. पण अम्मी म्हणते, असलं काही शोधत जाऊ नको, आधी आपलं नाव बघ."

मी म्हटलं, "माझ्याकडे पुस्तक आहे. कागदी. घरी चल, देतो."