चौलचे रेशीम आणि पैठणीचे पुनरुज्जीवन

रायगडच्या किनाऱ्यावर, कुंडलिका खाडीच्या मुखाशी वसलेले चौल-रेवदंडा आज नारळी-पोफळीच्या वाड्यांमुळे सर्वपरिचित आहे. परंतु सोळाव्या शतकात या बंदराचा लौकिक हातमागावरील रेशमी वस्त्रांसाठी होता. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये येथे किल्ला उभारण्यास प्रारंभ केला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाने, चीनहून येणारे कच्चे रेशीम चौलमध्ये कातून विणले जात असे, अशी नोंद केली आहे. कच्चा माल समुद्रमार्गे येई आणि तयार वस्त्रही त्याच मार्गाने परगावी जाई. विणकराचे जीवन अशा रीतीने बंदराच्या व्यापाराशी बांधलेले होते.

१६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली. त्या सुमारास चौलचे अनेक विणकर मुंबईस गेले व त्यांच्या वस्तीसाठी तेथे स्वतंत्र रस्ता बांधण्याचे फर्मान निघाले. १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला, तोपर्यंत व्यापाराचा ओघ मुंबईकडे वळला होता. व्यापार गेला आणि त्यामागोमाग मागही गेले.

चौलप्रमाणेच पैठणचा उल्लेखही पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आढळतो. पेशवाई व संस्थानांचा आश्रय संपल्यावर आणि गिरणीचे कापड स्वस्त झाल्यावर तेथील पैठणीवरही तीच वेळ आली. मात्र येवल्याच्या विणकर घराण्यांनी ही कला जपली. १९७४ मध्ये महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने पैठण येथील केंद्र हाती घेतले आणि नव्या हातांना शिक्षण मिळू लागले. २०१० मध्ये पैठणीस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले.

पैठणीच्या पदरावरील मोर वा कमळ साकारताना प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीने हाती गुंफावा लागतो. त्यामुळे भरजरी पदराच्या एका साडीस कित्येक महिने लागतात. यंत्रमागावरील नक्कल मात्र अल्पावधीत बाजारात येते. त्यामुळे मानांकन मिळूनही विणकराची खरी परीक्षा दुकानाच्या गादीवरच होते.

चौलजवळ कौशल्य होते. व्यापार तुटताच ते स्थलांतरित झाले. पैठणीस शिक्षण व बाजारपेठ लाभली, म्हणून ती पुन्हा उभी राहिली. अस्सल वस्त्र पारखून त्याचे योग्य मोल देणारा व्यापारी आणि ग्राहक हाच हातमागाचा खरा आश्रयदाता होय.