अल्ब्युमिनची साक्ष

मुंबईतल्या परळच्या रुग्णालयांबाहेर फाईल सांभाळत बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एक शब्द हमखास असतो: अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले एक प्रथिन. ते डेसिलीटरमागे साडेतीन ग्रॅमच्या वर आले की पेशंटचे खाणेपिणे ठीक, ऑपरेशनला हरकत नाही. खाली आले की ताकद नाही, बाटली चढवा. ही समजूत केवळ नातेवाइकांची असती तर मी लेखणी उचलली नसती. ती पांढऱ्या कोटातही वावरते.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही. अल्ब्युमिन यकृतात तयार होते; त्याला कच्चा माल अन्नातल्या प्रथिनांचा; तेव्हा उपासमारीत ते घटणारच, असा हा तर्क. पुरावाही भक्कम आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ५४ हजारांवर शस्त्रक्रियांची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. अल्ब्युमिन ४.६ च्या वर असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याहून कमी, २.१ च्या खाली असलेल्यांत २९ टक्के. हे सारे मला मान्य आहे. पण जो आकडा धोका सांगतो तो पोषणही सांगतो, हे त्यातून कसे निघाले?

१९४४-४५ मध्ये मिनेसोटात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. रक्तातली प्रथिने मात्र किरकोळच घटली. आपल्याकडचा दाखला याहून बोलका आहे. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की, एकाच प्रकारच्या आहारावर वाढलेल्या मुलांपैकी एखादे सुजते आणि त्याचे अल्ब्युमिन कोसळते, तर दुसरे नुसतेच काटकुळे होते. ताट तेच; आकडे दोन! तंबाखू-सुपारीने जबडा आखडलेला, तोंडात जेमतेम एक बोट शिरणारा आणि महिनोन्‌महिने चहात बुडवलेल्या बिस्किटावर जगलेला माणूस परळला येतो. त्याच्या दंडावर मांस उरलेले नसते, आणि तरी रिपोर्टवर अल्ब्युमिन ३.८ असू शकते. त्याला ‘पोषण उत्तम’ म्हणून टेबलावर घ्यायचे?

आता शस्त्रक्रियेनंतरचे पाहू. ऑपरेशनआधी ३.८ असलेले अल्ब्युमिन दोन दिवसांत २.८ वर येते आणि घरचे स्वतःला दोष देतात, दोन दिवस पोटात काही गेले नाही म्हणून. गणित करून पाहा. अल्ब्युमिनचा अर्धा साठा झिजायला सुमारे वीस दिवस लागतात. यकृताने दोन दिवस एक कणही बनवला नाही असे धरले, तरी घट सुमारे सात टक्के; आकडा साडेतीनच्या खाली जात नाही. उरलेले गेले कुठे? रक्तवाहिन्यांबाहेर. जखमेच्या दाहाने वाहिन्या पाझरू लागतात, सलाईनने रक्त पातळ होते, आणि यकृत अल्ब्युमिन बाजूला ठेवून सीआरपीसारखी संकटकाळची प्रथिने बनवू लागते. म्हणजे हा आकडा आगीचा आहे. चुलीचा नव्हे.

खरा घात याच्या पुढे आहे. ही संकटकाळची प्रथिने घडवायला यकृताला अमिनो आम्ले हवीत आणि उपाशी पोटी ती येतात स्नायू मोडून. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास हाड मोडलेल्यांच्या लघवीतला नायट्रोजन, म्हणजे मोडलेल्या प्रथिनांचा हिशेब, मोजला. धडधाकट माणसे तो भरपूर गमावत. आधीच खंगलेली कमी. खंगलेल्याची झीज कमी, हे शुभलक्षण मानायचे का? ज्याच्या गाठीशी काही नाही तो काय खर्च करणार? कुपोषितांत शस्त्रक्रियेनंतर सीआरपीची उसळीही मंद आढळली आहे. तेव्हा अशा रुग्णाचा शांत रिपोर्ट पाहून निर्धास्त होणे धोक्याचे. आग लागलेली असू शकते. घंटा वाजवायला माणूस नसतो.

आता अल्ब्युमिनच्या बाटलीबद्दल थोडक्यात. वीस टक्क्यांच्या १०० मिलीलीटर बाटलीत २० ग्रॅम प्रथिन असते, जवळपास तीन अंड्यांइतके. किंमत मात्र हजारांत. जलोदराचे पाणी काढताना ती लागते, तिथे वाद नाही. अन्न म्हणून ती कुचकामी आहे, कारण चढवलेले अल्ब्युमिन आठवडेच्या आठवडे हळूहळू मोडते. अंडी चालत नसतील तर मूगडाळ आहेच. वरण मात्र द्यावे, वरणाचे पाणी नव्हे.

मग विचारायचे कोणाला? वजनकाट्याला. १९३६ मध्ये हायरम स्टडली यांनी जठरव्रणाच्या रुग्णांचे ऑपरेशनपूर्वीचे वजन तपासले. ज्यांचे वजन वीस टक्क्यांहून अधिक घटले होते त्यांच्यात मृत्यू ३३ टक्के, इतरांत साडेतीन. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक घट असेल तर, शस्त्रक्रिया थांबण्याजोगी असल्यास, आठवडा-दोन आठवडे आधी नीट खाऊ घालावे, असे आजचे युरोपीय मार्गदर्शनही सांगते.

प्रतिपक्ष म्हणेल, अंगात पाणी साठले की वजनही फसवते. खरे आहे. म्हणून नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का पाहावे, हाताची पकड मोजावी, आणि रुग्णाला विचारावे, गेल्या आठवड्यात भाकरी किती खाल्ली? याला रक्त काढावे लागत नाही.