सिग्नलवरील बस प्राधान्य

सिग्नलवरील बस प्राधान्य ही चौकाकडे येणारी बस स्वयंचलितपणे ओळखून तिला कमीत कमी थांबावे लागेल अशा रीतीने सिग्नलच्या वेळा बदलणारी वाहतूक-नियंत्रण पद्धत आहे.

या पद्धतीत वाहनांऐवजी प्रवासी मोजले जातात. उदाहरणार्थ, ५० प्रवाशांची बस लाल दिव्यावर ४० सेकंद थांबली, तर एकूण ३३ मिनिटांहून अधिक प्रवासी-वेळ जातो. हिरवा दिवा ८ सेकंद लांबवून ती पुढे गेली आणि आडव्या रस्त्यावर ३० जण तेवढा वेळ जास्त थांबले, तर त्यांचा मिळून ४ मिनिटांचा वेळ जातो.

कार्यपद्धती

बस येत असल्याचे कळताच नियंत्रक हिरवा दिवा लांबवतो किंवा लाल दिवा लवकर संपवतो. पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्यासाठी लागणारा किमान वेळ मात्र कमी करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी सिग्नलचा क्रम पूर्णपणे मोडता येतो. बसचे प्राधान्य त्या मानाने सौम्य असते. काही ठिकाणी ते केवळ उशिरा धावणाऱ्या बसला दिले जाते.

ओळख पटवण्यासाठी रस्त्याखाली तारेचे वेटोळे पुरतात. वरून धातूचे वाहन गेले की त्याचे प्रेरकत्व बदलते. पण ते वाहन बसच आहे हे खात्रीने कळण्यासाठी बसमध्ये संकेत पाठवणारे उपकरण लागते. कॅमेरे किंवा जीपीएसही वापरतात. लंडनच्या बससेवेत जीपीएसच्या आधारे 'आभासी' शोधबिंदू ठरवले जातात. खरी अडचण चौकाच्या अलीकडील थांब्याची असते. प्रवासी चढण्या-उतरण्यास किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही आणि लांबवलेला हिरवा दिवा वाया जातो. त्यामुळे थांबा चौकाच्या पलीकडे असणे अधिक सोयीचे.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्यात २००६ साली कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. २०१५मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी मार्ग 'रेनबो बीआरटी' म्हणून खुला झाला. स्वतंत्र मार्गिकेमुळे बस दोन चौकांमधील कोंडी टाळते, पण चौकात तिला इतर वाहनांसह त्याच सिग्नलला सामोरे जावे लागते. मार्गिकेने वाचवलेली मिनिटे तेथे खर्ची पडू शकतात.

दुचाकी, रिक्षा आणि मोटारींच्या मिश्र गर्दीत केवळ वेटोळ्यांवर विसंबणे कठीण असते. भारतात २०१९पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थानदर्शक उपकरण बंधनकारक झाले आहे. त्यामुळे बस कोठे आहे ही माहिती उपलब्ध होऊ शकते. ती चौकातील नियंत्रकापर्यंत काही सेकंदांत पोहोचावी लागते. बससेवा, महापालिका आणि वाहतूक पोलीस या तिन्ही यंत्रणांचा समन्वय नसेल, तर बसमधील उपकरणाचा सिग्नलला उपयोग होत नाही.